ग्वाल्हेरचे दफ्तर : छापले गेले ते आणि राहून गेले ते

ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना दोन छापील मराठी साधनसंग्रहांचा आधार नेहमी घ्यावा लागतो. सरदार आनंदराव भाऊ फाळके यांनी १९२९ पासून ग्वाल्हेरहून प्रसिद्ध केलेले ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ हे खंड हा त्यांपैकी पहिला. दुसरा संग्रह महादजी शिंदे यांच्यासंबंधीच्या ऐतिहासिक पत्रांचा आहे. त्याचे संपादन रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी केले आणि १९३७ मध्ये तो ग्वाल्हेरच्याच आलिजाह दरबार प्रेसने छापला. हे संग्रह नसते तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील उत्तर हिंदुस्थानचे राजकारण मराठीतून समजून घेणे अतिशय कठीण झाले असते. त्यांचे हे ऋण मान्य करूनच प्रस्तुत लेखात एक प्रश्न विचारावयाचा आहे. या संग्रहांनी ग्वाल्हेरचे दफ्तर जतन केले काय?

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांच्या गुणदोषांचा नाही. आज ‘स्कॅन झाले, आता काळजी नाही’ असे सर्वत्र म्हटले जाते. ‘छापून झाले, आता काळजी नाही’ या ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या समजुतीचीच ही पुनरावृत्ती आहे. म्हणून पहिल्या समजुतीने काय साधले आणि काय गमावले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन हातांनी लिहिलेले दफ्तर

ग्वाल्हेरचे दफ्तर असे आपण सोयीने म्हणतो. वास्तविक त्यातील पुष्कळसा महत्त्वाचा कागद ग्वाल्हेरात लिहिला गेलेलाच नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली छावणी कायम केली आणि तिचे लष्कर हे शहर झाले. त्यापूर्वी उज्जैन हे मुख्य ठाणे होते आणि महादजींचा बराच काळ मथुरा, दिल्ली आणि राजपुताना या भागांतील छावण्यांत गेला. दफ्तर छावणीबरोबर फिरत होते. फाळके यांच्या संग्रहाचा मोठा आधार असलेले गुळगुळे दफ्तरही ग्वाल्हेरचे नव्हते. कोटा येथे मराठ्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळे घराण्याचे ते दफ्तर होय. आज ते मध्य प्रदेशातीलच सीतामऊ येथील श्री नटनागर शोध संस्थानात अभ्यासता येते. म्हणजे ग्वाल्हेरचा कागद आरंभापासून विखुरलेला होता.

तो एकभाषीही नव्हता. मराठी सत्तांच्या कचेरीत मराठी पत्रे लिहिणारा चिटणीस असे, तसा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीसही असे. चिटणीस म्हणजे चिट्ठीनवीस आणि पारसनीस म्हणजे फारसीनवीस. ही आडनावे आज आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर दिसतात, पण एकाच सदरेवर शेजारी शेजारी बसून दोन लिप्यांत एकाच कारभाराचे लेखन करणारी ती दोन पदे होती, हे विद्यार्थ्याला सांगावे लागते. १७८४ मध्ये बादशहा शाह आलम याने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिले आणि महादजी त्यांचे नायब झाले. तेव्हापासून तर फारसी कागदाशिवाय शिंद्यांचा दिल्लीचा कारभार चालणेच शक्य नव्हते.

मराठी कागदाच्या आतही फारसी-अरबी आहे. मोडी पत्राच्या माथ्यावर ‘अर्बा समानीन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी अंकवाचक शब्द होत. अर्बा चार, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११८४. हा शुहूर सन आहे. मृगापासून सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळवले की इसवी सन १७८३ येतो. पुढे ‘छ १२ सफर’ असेल तर ‘छ’ म्हणजे चंद्र आणि सफर हा हिजरी महिना. त्या हिशेबाने पत्र १७८४ च्या जानेवारीच्या आरंभीचे ठरते. आता ज्याला केवळ मराठी येते त्याला हे शब्दच अडतात. ज्याला केवळ उर्दू-फारसी येते तो शब्द वाचतो, पण सफर महिना पाहून ११८४ हा हिजरी सन समजण्याचा धोका असतो. तसे झाले तर पत्र जून १७७० मध्ये जाऊन पडते. साडेतेरा वर्षांची चूक! १७७० मध्ये शाह आलम अजून अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाला होता आणि १७८४ मध्ये तो दिल्लीत महादजींच्या हाती कारभार सोपवण्याच्या बेतात होता. एका शब्दाच्या वाचनाने सारे राजकारण उलटेपालटे होते. या दफ्तराला दोन्ही भाषांचा वाचक लागतो तो यासाठी.

छापील संग्रहांचे परीक्षण

या पार्श्वभूमीवर छापील संग्रहांकडे पाहिले असता तीन मर्यादा लक्षात येतात.

पहिली निवडीची. राजवाडे, खरे, पारसनीस, सरदेसाई या पिढीने राजकारणाची पत्रे शोधली. लढाया, तह, वकिलांच्या बातम्या, सरदारांचे रुसवेफुगवे यांना प्राधान्य मिळाले. राजवाड्यांचे २२ खंड आणि सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातून काढलेले ४५ भाग यांचे महत्त्व वादातीत आहे. तथापि रोजकीर्द, जमाखर्च, ताळेबंद, जकातीचे कागद, देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या दिवाबत्तीच्या सनदा, कारागिरांची वेतने असा जो दफ्तराचा मोठा भाग, तो या दृष्टीत दुय्यम ठरला. महादजींचा जीव पानिपतावर वाचवणारा भिस्ती म्हणून परंपरेने ज्याची कथा सांगितली जाते तो राणेखान पत्रांत भेटतो, कारण तो पुढे मोठा सेनानी झाला आणि १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या हातून दिल्ली सोडवणाऱ्या फौजेचे नेतृत्व त्याने केले. जे भिस्ती भिस्तीच राहिले, त्यांची नावे शोधावयाची तर ती पगाराच्या यादीत शोधावी लागतील; आणि पगाराची यादी छापण्याजोगी कोणाला वाटली नाही.

दुसरी मर्यादा लिप्यंतराची. मोडी पत्र बाळबोधीत उतरवून छापले की वाचकाची सोय होते, पण पत्रावरचा शिक्का, ‘मोर्तब सुद’सारख्या खुणा, पाठीमागचा शेरा, कागद पोहोचल्याची तारीख, हस्ताक्षरातला बदल, या गोष्टी छपाईत गळतात किंवा कंसातल्या एका शब्दापुरत्या उरतात. शिवाय पत्र ज्या रुमालात, ज्या कागदांच्या शेजारी बांधलेले होते ते शेजार तुटते. दफ्तरातील कागदाचा अर्थ त्याच्या जागेवरूनही ठरतो. एखादी सनद कोणत्या तंट्याच्या कागदांत होती, हे कळले तरच ती कशासाठी पुढे आणली गेली ते कळते. निवडक पत्रे कालानुक्रमे लावली की इतिहास सुबक दिसतो. परंतु दफ्तराची मूळ मांडणी मोडते आणि ती पुन्हा जुळवता येत नाही.

तिसरी मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते. मराठी संग्रहांत फारसी कागद जवळजवळ आलाच नाही. दिल्लीहून येणाऱ्या फारसी अखबारांचा मोठा संग्रह पारसनीसांनी जमवला होता. त्यातील मजकूर जदुनाथ सरकार यांनी इंग्रजीत आणला. तत्कालीन मुंबई सरकारच्या दफ्तर खात्याने त्याचे दोन खंड १९५३ आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. पहिला १७६१ ते १७८८ या काळातील दिल्लीच्या घडामोडींचा, दुसरा महादजींच्या दिल्लीतील कारभाराचा. काम मोलाचे झाले. परंतु परिणाम असा की चिटणिसाचा कागद मराठीत आणि पारसनिसाचा इंग्रजीत, अशी एकाच सदरेची वाटणी झाली. फारसी मूळ वाचणारा आणि मोडी मूळ वाचणारा यांची गाठ पडण्याचे कारणच उरले नाही. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश देऊन पूल बांधून ठेवला होता; त्यावरून ये-जा मात्र थोडीच झाली. पुढे उर्दू विभाग आणि मराठी विभाग यांच्यात आपण भिंत घातली आणि दफ्तराचा अर्धा भाग प्रत्येकाने दुसऱ्याचा म्हणून सोडून दिला. यात कोणा एका संपादकाचा दोष नाही. दोष आहे तो भाषा म्हणजे समाज आणि समाज म्हणजे भाषा असे मानण्याच्या सवयीचा. त्या सदरेवरील कारकुनांना ती सवय नव्हती.

कागदाचे आयुष्य

येथे कागदाच्या शास्त्राकडे थोडे वळणे आवश्यक आहे. अठराव्या शतकातील हातकागद चिंध्या, ताग यांसारख्या लांब तंतूंचा असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील मुसलमान कागजी कारागिरांचा कागद दूरवर वापरला जाई. काजळ आणि डिंक यांची शाई त्या कागदाला खात नाही. हा कागद पाणी, वाळवी, कसर आणि आग यांपासून राखला तर तीनशे वर्षे सहज टिकतो. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेला लाकडाच्या लगद्याचा, तुरटीची खळ दिलेला गिरणीचा कागद आतूनच आम्ल बनतो, पिवळा पडतो आणि दुमडताच तुटतो. त्यामुळे आज एक विचित्र स्थिती आढळते. १७८७ चे मूळ पत्र धडधाकट असते आणि ते ‘जतन’ करण्यासाठी १९३० च्या दशकात छापलेल्या पुस्तकाचे पान हातात कुस्करते. प्रतीला मूळापेक्षा अधिक शुश्रूषा लागते आहे.

दुरुस्तीच्या उपायांचाही इतिहास सावधगिरी शिकवणारा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने विसाव्या शतकाच्या मध्यास ॲसिटोन वापरून सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा कागदावर चिकटवण्याची सोपी पद्धत विकसित केली. ती जगभर वाखाणली गेली. पुढे अनुभवाने दिसून आले की हा पापुद्रा स्वतःच जुना होऊन बिघडतो आणि काढणे अवघड असते. आजचे तज्ज्ञ काढता येईल अशीच दुरुस्ती करावी, गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरावा, असे सांगतात. घरोघरी मात्र चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करून घेणे हेच प्रेमाने चालू आहे. ते थांबवण्यास सांगणे हेही शिक्षकाचे काम आहे.

कायद्याच्या दोन पायांमधली जागा

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाचे बारावे अधिवेशन १९२९ मध्ये ग्वाल्हेरलाच भरले होते. संस्थाने आणि खासगी घराणी यांच्याकडील कागद बाहेर यावा, ही त्या आयोगाची सातत्याची चिंता होती. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेले. १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि राजधानी भोपाळ झाली. प्रत्येक फेरबदलात दफ्तरे हलतात, खाती बदलतात, याद्या मागे राहतात.

स्वतंत्र भारताचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा. त्यातील एक तरतूद फार मोलाची आहे. १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख, तो वापरण्यास पूर्णपणे निकामी झाल्याचे अभिलेखागाराच्या प्रमुखाचे मत असल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. परंतु हा कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या संस्थांच्या कागदांना लागू आहे. महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतःचा कायदा केला. वाड्याच्या माळ्यावरील खासगी रुमालाला मात्र यांपैकी कोणाचे छत्र नाही.

दुसरीकडे २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या केली ती किमान ७५ वर्षे जुन्या हस्तलिखित रचनेची. फर्माने, महसुली कागद, शिलालेख हे ऐतिहासिक अभिलेख म्हणून त्या व्याख्येबाहेर ठेवले गेले. उदाहरणार्थ, ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहंमद गौस यांच्या ‘बहर-उल-हयात’ या योगविषयक फारसी ग्रंथाची जुनी प्रत त्या व्याख्येत बसते; एखाद्या दर्ग्याच्या खर्चाची मोडी सनद बसत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मिशन जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट होय. पण ग्रंथ एका दारात आणि सरकारी फाइल दुसऱ्या दारात गेल्यावर घरातला दस्तऐवज अंगणातच राहतो, ही उणीव दूर व्हावयास हवी.

न वाचलेल्या कागदाची किंमत

हा विषय केवळ इतिहासप्रेमींचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अलीकडच्या तीन घटना आठवाव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा मोडी वाचणारे आणि उर्दू-फारसी वाचणारे यांची एकाएकी गरज पडली. लाखो कुटुंबांचा प्रश्न अशा लिप्यांत अडकला होता, ज्या त्या कुटुंबांतील कोणालाच वाचता येत नव्हत्या. १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनाला आग लागली आणि सरकारी फायली मोठ्या संख्येने जळाल्या. एकच प्रत एकाच इमारतीत असली की काय होते, याचा तो धडा होता. आणि जून २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू होऊन कागद चढवण्यास सहा महिन्यांची मुदत दिली गेली, तेव्हा जुन्या सनदा आणि वक्फनामे पेट्यांतून बाहेर निघाले. त्या कायद्याविषयी ज्याचे जे मत असेल ते असो; ज्याच्याजवळ कागद आहे पण तो वाचता येत नाही, त्याची अवस्था कागद नसलेल्या माणसाहून फारशी निराळी नसते, एवढे त्या महिन्यांनी सर्वांना दाखवून दिले.

स्कॅनिंगचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. आग, पूर आणि वाळवी यांवर दूरच्या जागी ठेवलेली दुसरी प्रत हाच उपाय आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वरून घरबसल्या कागद पाहता येतात, ही मोठी सोय आहे. पण चित्राला नाव, तारीख, विषय दिलेला नसेल तर ते चित्र सापडत नाही. आणि नाव देण्यासाठी कोणीतरी ते वाचलेले असावे लागते. मोडी लिपी २०१४ मध्ये आणि हिशेबातील सियाक अंक २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आले. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारे संगणकीय प्रारूप मांडले. त्यासाठी त्यांना दोन हजारांवर मोडी प्रतिमांचे तज्ज्ञांनी तपासलेले लिप्यंतर वापरावे लागले. यंत्रही माणसाकडूनच शिकते. शिकस्ता वळणाची फारसी आणि मोडी एकाच कागदावर आली, तर ते शिकवणारा माणूस दोन्ही जाणणारा असला पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांतून काय करता येईल

मोठे अभिलेखागार उभारणे आपल्या आवाक्यातले नाही. नोंदवही ठेवणे मात्र आहे. परिसरातील घरे, मशिदी, दर्गे, मंदिरे, जुन्या पेढ्या यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी करावी. कागद मालकाकडेच राहू द्यावा. ‘द्या, आम्ही सांभाळतो’ म्हटले की पेटी पुन्हा बंद होते. रुमाल सोडताना कागदांचा क्रम बदलू नये, प्रत्येक कागदावर नव्हे तर वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने अनुक्रमांक घालावा, छायाचित्र दोन्ही बाजूंचे घ्यावे. प्रत्येक कागदासाठी पाच रकाने पुरेत : लिपी, मूळ शब्दांत तारीख, शिक्का, कोणी कोणास, आणि विषय एका ओळीत. मूळ तारीख जशीच्या तशी उतरवावी. इसवी सन नंतर, निराळ्या रकान्यात द्यावा. वर दाखवलेली साडेतेरा वर्षांची चूक अशानेच टळेल.

या कामावर विद्यार्थी जोडीने बसवावेत, एक मराठीचा आणि एक उर्दूचा. मोडीची ओळख काही आठवड्यांत होते. सराव मात्र कागदांवरच होतो. उर्दूच्या विद्यार्थ्याला ‘कैफियत’, ‘तनखा’, ‘मुतालिक’, ‘वाजिब’ हे शब्द सांगावे लागत नाहीत. मराठीच्या विद्यार्थ्याला कुळ, वतन, बलुते यांची रचना ठाऊक असते. दोघांना एकमेकांवाचून कागद लागत नाही, हे त्यांना पहिल्याच तासाला कळते.

फाळके आणि सरदेसाई यांच्या संग्रहांचे पुनर्मुद्रण व्हावे, ते टिकाऊ कागदावर व्हावे, आणि शक्य तेथे मूळ पत्राची प्रतिमा व त्याच प्रसंगाचा फारसी कागद शेजारी द्यावा, अशी अपेक्षा विद्यापीठांकडून करणे योग्य होईल. परंतु त्याची वाट पाहत न बसता आपल्या हातचे काम येत्या सत्रातच सुरू करता येईल. एक नोंदवही, दोन विद्यार्थी आणि एक रुमाल एवढ्यावर त्याचा आरंभ होतो.